एका कोयत्याचे चार पाय

"अहो, दुखतोय तो पाय हा नव्हे!"

आमच्या धंद्यात हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा माझं नावसुद्धा कुणी घेतलं नसेल. आणि म्हणणाऱ्याचं काही चुकत नाही. माणूस डावा पाय काळानिळा पडला म्हणून येतो आणि आम्ही सुई खुपसतो उजव्या जांघेत. उमापूरच्या एका गृहस्थांना मी स्ट्रेचरवरून बाहेर आणलं, तर त्यांच्या चुलतभावानं उजवीकडची पट्टी बघून सरळ माझी कॉलर धरली.

"आरं, शिकलेला हाईस का न्हाई? डावं-उजवं कळंना का तुला?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला स्वतःलाच शंका आली. मी जेवायचा हात कोणता ते मनात आठवून बघितलं आणि मगच म्हणालो, "काका, कॉलर सोडा, सांगतो."

तुम्हालाही सांगतो. पोटातून रक्ताची एक मोठी नळी खाली येते आणि बेंबीच्या आसपास तिचे विजारीसारखे दोन पाय होतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. आता आपल्या गल्लीच्या तोंडाशीच माती-दगड पडून रस्ता बंद झाला असेल, तर आपण काय करतो? शेजारच्या गल्लीतून चौकात येतो आणि तिथून आपल्या गल्लीत उतरतो. आम्हीही तेच करतो. उजव्या जांघेतून शिरायचं, वर चौकापर्यंत जायचं, वळण घ्यायचं आणि डाव्या पायात उतरायचं. हे सगळं एका बारीक तारेनं. तारेवरून नळी जाते, नळीतून एक लांबुळका फुगा जातो, तो अडलेल्या जागी फुगवला की रस्ता रुंद होतो. पुन्हा बुजू नये म्हणून कधी कधी आत जाळी बसवतात. चिरफाड नाही, टाके नाहीत. जांघेत जिथे टोचायचं तेवढीच जागा बधिर करतात. पेशंट टक्क जागा असतो आणि शेजारच्या पडद्यावर स्वतःच्या पायाचं आतलं दृश्य बघत असतो.

हा जो 'टक्क जागा' भाग आहे ना, माझा घात त्यानंच केला.

मी डॉक्टर नाही. बीडच्या एका दवाखान्यात कॅथलॅबचा टेक्निशियन होतो, गेल्या वर्षी सुटलो. गावाकडे मला डॉक्टरच म्हणतात आणि मीही फार जोरात नकार देत नाही. माझी कामं दोन: एक्स-रेचं यंत्र चालवायचं आणि डॉक्टरांच्या हातात तारा, नळ्या, फुगे वेळेवर द्यायचे. तिसरं काम मी स्वतःहून अंगावर घेतलं होतं, पेशंटला बोलतं ठेवायचं. टेबलावर माणूस घाबरलेला असतो, दोन शब्द विनोदाचे बोललो तर काय बिघडलं, असा माझा सिद्धांत. आमचे सर मोजकं बोलणारे. ते म्हणायचे, "ढाकणे, तुमची जीभ एकदा एक्स-रेखाली घेऊन बघायला पाहिजे. हाड कुठं सापडतं का ते."

समजावून सांगायला उपमा लागतात आणि उपमांचा माझ्याकडे कधी दुष्काळ नव्हता. एका बागायतदाराला मी म्हटलं, "तुमच्या ठिबकच्या नळ्यांत क्षार साचून पाणी कसं तुंबतं? तसं झालंय पायात." त्याला चटकन कळलं. चेहरा उजळला.

"मंग सोपं हाय की," तो म्हणाला. "ॲसिड सोडा. आमी दरसाल नळ्या ॲसिडनंच धुतो."

हा माणूस घरी जाऊन ॲसिडचा कॅन तोंडाला लावतो की काय! घाईघाईनं उपमा बदलली, गटाराची दिली, शेजारच्या गल्लीची दिली, आणि शेवटी त्याच्या बायकोला बाजूला घेऊन बजावलं की घरात ॲसिड असेल तर कुलपात ठेवा. पण एवढ्यावरून शहाणा होईन तर तो मी कसला?

भागाबाई आली तेव्हा भाद्रपद सरत आला होता. आष्टी तालुक्यातल्या एका वस्तीवरची. वयाची पन्नाशी ओलांडलेली, काळीसावळी, काटक. सोबत नवरा दगडूबा, डोक्याला टोपी, धोतर, गालावर दाढीचे पांढरे खुंट. दोघं मिळून एक कोयता. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, ऊसतोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे कोयता. त्यानं तोडायचं, तिनं मोळी बांधायची, दोघांनी डोक्यावर वाहून गाडीत भरायचं. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. दोघांतलं एक पडलं तर उरलेल्या एकाला कुणी अर्धा कोयता म्हणून घेत नाही.

भागाबाईच्या डाव्या पायाची दोन बोटं वाळल्या खारकेसारखी काळी झाली होती. बाकीचं पाऊल दगडासारखं गार.

"मावशी, तंबाखू खाता?"

"छ्या! आपल्याला न्हाई बा नाद."

"मिसरी?"

"मिसरी लावते की. दात नगं का घासाया?"

ही मिसरी म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखूच, हे सांगितल्यावर तिनं माझ्याकडे अशा दयेनं बघितलं की मीच गप्प बसलो. शिवाय साखर होती, ती तिला ठाऊकच नव्हती.

सरांनी तपासलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. मांडीतली नळी बंद आहे. उघडली तर काळी बोटं जातील, पण पाऊल राहील. नाही उघडली तर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल.

दगडूबानं टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "पाय काडला तर कोयता मोडला, सायेब."

"कोयत्याचं मग बगू," भागाबाई त्याच्यावर खेकसली. "आदी पायाचं बगू द्या त्यास्नी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला टेबलावर घेतलं. उजव्या जांघेत टोचताना नेहमीचं वाक्य आलंच: "आवं, त्यो न्हाई, ह्यो!" मी गल्लीची उपमा दिली. मग तार वळणावरून डावीकडे उतरली आणि मांडीतल्या बंद जागेवर येऊन अडली. तिथं सरांना खूप झगडावं लागलं. जुना अडथळा वाळल्या चिखलासारखा घट्ट होतो, तार आत शिरता शिरत नाही, वाकडी होते, मागे येते. एक्स-रेच्या किरणांपासून वाचायला अंगावर शिशाचा कोट असतो, एखाद्या वासराला पाठीवर घेऊन उभं राहावं असा. आमच्या सगळ्यांच्या पाठीतून घाम वाहत होता. शेवटी एकदाची तार पार झाली. फुगा फुगवला, भागाबाई "आय आय गं" करून ओरडली, जाळी बसली, आणि सरांनी रस्ता मोकळा झाला का ते बघायला रंगाचं औषध सोडलं.

हे औषध पडद्यावर काळं दिसतं. मांडीतून निघालेली एक काळी, वळवळती रेघ सरसर सरसर गुडघ्यापर्यंत आली, पोटरीत उतरली आणि पावलात जाऊन पसरली. इतकं सुंदर दृश्य दुसरं नाही. महिनोन्महिने कोरड्या पडलेल्या पायात रक्त गेलं होतं. आम्ही सगळे खूश. मी तर जरा जास्तच खूश.

भागाबाई पडद्याकडे डोळे फाडून बघत होती. "दादा, ह्ये काळं काय पळालं माज्या पायात?"

आणि मी म्हणालो, "नागोबा हाय, मावशी. बीळ बुजलं होतं ना, मोकळं करायला सोडलाय."

"चावंल का?"

"चावला तर चावला. आम्ही आहोत की!"

सगळे हसले. सरही मास्कच्या आत हसले असावेत, कारण त्यांचा चष्मा हलला. भागाबाई हसली नव्हती, पण मी तिकडे बघतोय कशाला? विनोद करणारा माणूस हसणाऱ्यांकडे बघतो.

वॉर्डात आणल्यावर मी तिच्या पावलावर पेनानं एक फुली काढली. तिथं नाडी लागत होती. आमच्याकडे पेनाएवढी एक नळी असते, तिला छोटा स्पीकर जोडलेला. थोडं जेल लावून ती फुलीवर टेकवली की आतलं रक्त वाहण्याचा आवाज येतो. सुपानं जोंधळा पाखडावा तसा: सूंप, सूंप, सूंप. तिचा आवाज खणखणीत होता. पाऊल गुलाबी झालेलं. ड्युटीवरच्या शेख सिस्टरना सांगितलं, टोचलेला उजवा पाय सरळ ठेवायला लावा, वाकवू देऊ नका. आणि मी जेवायला गेलो. डबा खाऊन वर दोन कप चहा घेतला. माणूस समाधानात असला की त्याला चहा जास्त लागतो.

दुपारी नाडी तपासायला परत आलो. मोज्याएवढा भाग उघडा पडेल इतकंच पांघरूण सरकवलं, बाईमाणसाच्या पायावरचं पांघरूण त्याहून वर ओढायचा मला नेहमीच संकोच वाटायचा.

सकाळचं गुलाबी पाऊल आता जांभळं होतं. सुजलेलं. मी यंत्र फुलीवर टेकवलं. आवाज नाही. जरा बाजूला सरकवलं. नाही. सेल बदलले. नाही. यंत्र बिघडलं असेल या आशेनं ते स्वतःच्या गळ्याला लावलं, तर माझं रक्त असं धडधडा वाजायला लागलं की शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली.

"मावशी, दुखतंय का?"

"आता कमी हाय," भागाबाई शांतपणे म्हणाली. "बधिर पडलाय."

बधिर! मी धावत जाऊन सरांना ओपीडीतून उठवलं.

"सर, आवाज गेला. पाऊल जांभळं पडलंय."

"कधीपासून?"

"मी बघितलं तेव्हापासून."

असलं उत्तर माझ्याशिवाय दुसरा कुणी देणार नाही. सर चालायला लागले, आणि सर चालतात तेव्हा बाकीच्यांना पळावं लागतं. पाऊल बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. बसवलेल्या जाळीत रक्ताची गाठ झाली की असं होतं. वेळेत उघडलं नाही, तर जो पाय वाचवला म्हणून आम्ही सकाळी खूश झालो तोच संध्याकाळपर्यंत हातातून जातो.

"टेबलावर घ्या," सर म्हणाले. "आणि सर्जनला फोन करून थांबायला सांगा."

दगडूबानं तेवढं ऐकलं. त्याला बाकी काही कळलं नाही, पण सर्जन कळला. त्यानं खाटेचा दांडा धरला आणि आम्ही खाट ढकलत नेत असताना तोही दांडा धरून सोबत ओढला गेला. दारात मी त्याची बोटं सोडवली.

"सकाळी तर म्हनला, गावला रस्ता," तो म्हणाला.

मी दार लावून घेतलं.

आत शेख सिस्टर जंतुनाशक लावायला पुढे झाल्या. त्यांनी पांघरूण आणि साडी मांडीपर्यंत वर केली आणि त्यांच्या हातातला कापूसच खाली पडला.

"या अल्ला! ये क्या है?"

डाव्या गुडघ्याच्या चार बोटं वर साडीच्या काठाची चिंधी करकचून बांधलेली होती. नुसती बांधलेली नव्हती, तिच्यात जेवणाचा स्टीलचा चमचा खुपसून पीळ दिलेला होता. चिंधी मांसात रुतली होती. चमच्यावर आमच्या दवाखान्याचं नाव होतं.

सरांनी विचारलं, "हे कुणी बांधलं?"

"म्या," भागाबाई म्हणाली. अगदी सहज, मोळी कुणी बांधली म्हणून विचारावं तसं.

"का?"

"इख वर चडत व्हतं."

"कसलं विष?"

तिनं बोट उचललं आणि थेट माझ्याकडं केलं. "ह्या दादांनी नाग सोडला न्हाई का पायात? सकाळी म्या म्हनलं, असंल दवाखान्याची तऱ्हा. पर दुपारी पाय पेटला की, सायेब. मुंग्या आल्या. लालबुंद झाला, ताडताड सुजाया लागला. साप चावल्यावर असंच व्हतं, म्या बगितलंय. उसाच्या फडात दोगांचे पाय म्या बांदलेत. दोगंबी जित्ते हायेत. दादांनी म्हनलं व्हतं, आमी हाव. आन् कुनीच हितं न्हाई! जेवाया गेलते समदे."

सर माझ्याकडे वळले. फक्त म्हणाले, "ढाकणे?"

शिशाच्या कोटात माणूस डोक्यासकट मावत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. नाहीतर मी तिथंच आत शिरलो असतो.

पाय पेटणं, मुंग्या येणं, लाल होणं, थोडी सूज येणं, हे सगळं खरं तर चांगलं लक्षण. महिनोन्महिने उपाशी असलेल्या पायात एकदम रक्त आलं की तो असा बोंब मारतो. आम्हाला सगळ्यांना ते माहीत होतं. ज्या पायात हे होणार होतं, त्या पायाच्या मालकिणीला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं, बडबड्या म्हणून मीच ते मागून घेतलं होतं. आणि मी तिला सांगितला तो नागोबा. तिनं तिच्या अनुभवाप्रमाणे इलाज केला, तोही उजवा पाय सरळ ठेवून, आमची सूचना पाळून. नळी आम्ही आतून उघडली आणि तिनं बाहेरून आवळली. मी पांघरूण आणखी हातभर वर सारलं असतं, तर माझ्या गळ्याचं रक्त आख्ख्या वॉर्डाला ऐकू गेलं नसतं.

सिस्टरनी चमचा उलटा फिरवून पीळ सोडला. चिंधी निघाली. सरांनी यंत्र फुलीवर टेकवलं.

काही नाही. नुसती खरखर.

सर हलले नाहीत. मी स्पीकरकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, वाज. अरे वाज. पायाचा जांभळा रंग तसाच होता. चिंधी किती वेळ बांधलेली होती ते भागाबाईलाही सांगता येईना. तेवढ्या वेळात आत गाठ झाली असेल तर? सर्जन येऊन दाराबाहेर उभा होता, दगडूबाच्या शेजारी, आणि दगडूबा त्याच्याकडे कसा बघत असेल हे मला आत उभ्या उभ्या दिसत होतं.

मग लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा एक आवाज आला. सूं. थांबला. पुन्हा सूं. सरांनी हात जराही न हलवता डोळे मिटले. सूंप. सूंप. सूंप. आणि सुपातला जोंधळा पाखडला जायला लागला.

सोनोग्राफी करून बघितलं, जाळी मोकळी होती. सकाळी रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन दिलं होतं, त्याची कृपा. सरांनी हातमोजे काढले आणि माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाले, "ढाकणे, तो चमचा तुम्ही घरी घेऊन जा. जेवताना वापरा." त्यानंतर मी टेबलावर विनोद करणं सोडलं, असं मी सगळ्यांना सांगत असतो. खरं म्हणजे फक्त सापाचे सोडले.

वॉर्डात परत आणल्यावर मी भागाबाईजवळ बसलो आणि पहिल्यांदाच, एकही उपमा न देता, काय केलं आणि आता काय होणार ते सांगितलं. आग होईल, मुंग्या येतील, घाबरायचं नाही, बांधायचं तर मुळीच नाही. मग यंत्र लावलं.

"ह्ये काय वाजतंय?" तिनं विचारलं.

"तुमचं रक्त. पावलात चाललंय."

"माजं?" तिनं मान वर केली. "येवडं मोट्यानं? ऐका वो," ती नवऱ्याला म्हणाली, "ऐका, माजं हाय!"

दगडूबा खाटेच्या पायथ्याशी उभा राहून हसत होता. दिवसभरात पहिल्यांदा. शेजारची म्हातारीही ऐकायला आली. भागाबाईला एकदम हुरूप आला. "ह्यांचं बी लावा की, दादा. बगू तर कुनाचं जोरात वाजतंय."

"माजं कशाला?" दगडूबा म्हणाला.

"लाजता कावून? लावा वो त्यांचं. उसाच्या फडात लई जोर दावतेत मला."

मलाही गंमत वाटली. दगडूबानं चप्पल काढून पाय स्टुलावर ठेवला. भेगाळलेलं, मातीनं रंगलेलं पाऊल. जेल लावलं, यंत्र टेकवलं. खरखर. जरा सरकवलं. खरखर. "सेल उतरले वाटतं," मी म्हणालो आणि भागाबाईच्या फुलीवर लावून बघितलं. सूंप, सूंप, सूंप. परत दगडूबाकडे आलो. काही नाही. दुसरा पाय वर घ्यायला सांगितलं. तिथं अगदी क्षीण, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा काहीतरी आवाज.

मी हातानं पाऊल धरलं. गार होतं.

"दगडूबा, चालताना पोटरी भरून येते का?"

"येती की," तो सहज म्हणाला. "जरा उबं ऱ्हायलं की जाती. मोळी घिऊन गाडीवर चडताना लई येती. पर त्याला काय करायचं? वय झालं आता."

माझा अंदाज तोवर किती वेळा चुकला होता! याच्याही नळ्या बुजल्यात हा अंदाजसुद्धा चुकावा, असं मला फार मनापासून वाटलं. मी वेड्यासारखं त्याचं धोतर दोन्ही मांड्यांवर सारलं आणि बघितलं. काही बांधलेलं नव्हतं.

भागाबाई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिचं हसू केव्हाच विरलं होतं. उजवा पाय सरळच ठेवून ती हळूहळू, हातांवर भार देत, भिंतीकडे सरकली. खाटेवर एका माणसापुरती जागा झाली.

"बसा हितं," ती नवऱ्याला म्हणाली. "कवापासून उबे हायसा तुमी."